सोडलेला मासा

"मंग खाल्ला का?"

मामांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला होता. फोटोत मी, हनुवटीपर्यंत चेन ओढलेलं जाकीट, मागे काळंभोर पाणी, आणि दोन्ही हातांवर आडवा धरलेला पाइक मासा, जवळजवळ मीटरभर लांब.

"नाही मामा. सोडून दिला."

"सोडून दिला." माझाच शब्द त्यांनी एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग फोन माझ्या हातात दिला आणि मांडीवरच्या जाळ्याची तुटलेली गाठ पुन्हा धरली. "म्हंजे आधी त्याच्या तोंडात गळ रुतवला, दमवला, वढून आनला, फोटू काढला अन् सोडला. काऊन पन?"

मी विनिपेगला राहते. डिसेंबरात तिकडची तळी गोठली की सुट्टी काढून आजोळी येते. आजोळ खडकपूर्णेच्या काठचं, देऊळगाव राजा तालुक्यातलं. मामा भोई. आजोबा नदीत मासे धरायचे, मामा धरणात धरतात. मच्छीमार सहकारी संस्थेचे ते जुने सभासद. मी मात्र मासे धरायला शिकले ती मामांकडून नव्हे, कॅनडात, चाळिशीत, आणि हौस म्हणून. त्या एका 'काऊन पन?'वर आम्ही तीन संध्याकाळी बोलत होतो. आठवतं तसं लिहिते आहे. त्यांचं सगळं मला पटलेलं नाही, माझं सगळं त्यांना पटलेलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांना ती जागा सांगितली. विनिपेगहून ऑन्टारिओ प्रांतातलं रेड लेक हे गाव, गाडीनं पाच-सहा तास. पुढे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं छोटं विमान. त्यात चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या. खाली नजर जाईल तिथवर तळी आणि सूचीपर्णी झाडांचं रान. पाऊण तासानं विमान एका तळ्यावर उतरतं. काठावर लाकडाच्या पाच-सहा खोल्या, एक धक्का, चार होड्या, की झालं लॉज. फोन लागत नाही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डास आणि काळ्या माश्या माणसाला खायला उठतात. अंधार पडल्यावर लून नावाचा पाणपक्षी इतका लांबलचक हंबरडा फोडतो की पहिल्या रात्री मी उठून बसले होते.

"तठी गाव कोन्तं?" मामांनी विचारलं.

"गाव नाही."

"मंग पान्यावर हक्क कोनाचा?"

"सरकारचा. परवाना काढायचा, मग मासे धरायचे."

"धरते कोन?"

"आमच्यासारखे पाहुणे."

"अन् एरवी?"

"एरवी कोणी नाही," मी म्हणाले. हे उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण सुट्टीची गोष्ट सांगताना माणूस जागा रिकामी करून सांगतो. तिसऱ्या संध्याकाळी ते मला दुरुस्त करावं लागलं.

मामांना मी सांगत राहिले की आठ दिवसांत मी काय मिळवलं. दोरीच्या टोकाला काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. मासा आमिषाला नुसता तोंड लावून पाहतो, तो धक्का वेगळा. तोंडात घेऊन वळतो, तो वेगळा. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही उरत नाही. दवाखान्यातल्या रात्रपाळ्या नाहीत, घराचे हप्ते नाहीत.

"ते मलेही कळते," मामा म्हणाले. "जाळ्याच्या दोरीले नुसता हात लावला की समजते, रोहू हाये का चिलापी. पन मी त्याले सुट्टी म्हनत नाई."

मी म्हटलं, गळानं मासे धरण्याची हौस काही साहेबांनी आणलेली नाही. हे खरंच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याचं राज्य आपल्या याच दख्खनवर होतं, त्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' आहे. ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, साधारण ११२९ च्या सुमाराचा. माशांच्या जाती, त्यांना जागेवर आणण्यासाठी काय खाऊ घालायचं, काठी कशी असावी, दोरी कशाची, आमिष कोणतं, हे सगळं त्यात येतं. इंग्रजांचा कर्नल साइक्स पुण्याजवळ मुळा-मुठेतल्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन करून गेला ते १८३९ मध्ये, म्हणजे सातशे वर्षांनंतर.

मामा लक्ष देऊन ऐकत होते. "राजाले मासे खाऊ घालाले, काठी धराले, दोरी वळाले मानसं असतीन," ते म्हणाले. "ते आम्हीच. ते पुस्तकात आलं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय गळावर नेला. बॅगेतला एक गळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो कंदिलाच्या उजेडात नव्हे, बोटाच्या पेरानं पाहिला. गळाच्या टोकाशी उलटं काटेरी टोक असतं, मासा निसटू नये म्हणून. ते पकडीनं दाबून सपाट केलेलं होतं. मॅनिटोबात, म्हणजे मी राहते त्या प्रांतात, असा बिनकाट्याचाच गळ वापरायचा कायदा आहे. मासा सहज सुटतो, जखम लहान राहते.

"मंग तो तोंडातूनच सुटून जात असन."

"जातो. दोरी सैल सोडली की गेला."

मामांना हे आवडलं, असं मला वाटलं. त्यांनी गळ परत दिला नाही, बराच वेळ बोटांत धरून ठेवला. मग मी आणखी सांगितलं. वॉलआय नावाचा तिकडचा खायचा मासा आहे, अंधारात त्याचे डोळे मांजरासारखे चकाकतात. आम्ही गेलो त्या भागात दिवसाला माणशी चारच वॉलआय ठेवता येतात, आणि त्या चारांत ४६ सेंटिमीटरहून मोठा एकच. मोठा मासा बहुतेक मादी असते, अंडी तिच्याकडे. वसंतात अंडी घालण्याच्या काळात मासेमारी बंद असते. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी ती उघडते आणि त्या शनिवारी सगळा प्रांत पाण्यावर असतो, पोळ्याच्या दिवशी आपलं गाव वेशीवर असतं तसा.

"हे बेस हाये," मामा म्हणाले. "हे माहा बापही पाळे. मरळीची लाल पिल्लं पान्यावर घोळका करून फिरतात, खाली मायबाप राखन करत असतात. घोळका दिसला की त्या जागी गळ टाकाचा नाई. आईबाप काढले तर पिल्लं एका दिवसात साफ. हे आम्हाले कोन्या शनिवारानं नाई शिकवलं."

"मग मामा, आपण दोघं एकच तर सांगतोय."

"नाई. मरळ वेगळी, कतला वेगळा. आता ह्या धरनात सोन्यासारखा कतला हाये, रोहू हाये, मृगळ हाये. त्याले धरनाच्या थांबल्या पान्यात पिल्लं होत नाईत. त्याले पुराचं वाहतं पानी लागते. म्हनून दर साली बीज आनाचं, बोटुकली सोडाची, वाढली की काढाची. मासा नाई तो, पीक हाये. पिकाले कोनी कापून पुन्हा उभं करते का?"

हे मला खरोखर नवीन होतं. माहिती म्हणून नव्हे, विचार म्हणून. मी ज्या तळ्यावर गेले तिथला मासा तिथेच जन्मतो, म्हणून त्याला सोडण्यात अर्थ आहे. सोडलेली मादी पुढच्या वर्षीचं तळं असते. इथला कतला सोडला तर तो आणखी मोठा होईल, म्हातारा होईल आणि मरेल. रोहू, कतला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. दख्खनच्या धरणांत ते माणसानं आणून सोडले. ज्या नियमानं मी स्वतःला चांगली मासेमार समजत होते, तो नियम या पाण्यात आंधळेपणानं लावता येत नाही.

*

दुसऱ्या संध्याकाळी मी माझा खरा मुद्दा काढला. तो मनात घेऊनच मी आले होते.

संत चोखा सागराचा, म्हणजे याच धरणाचा, हा काठ, समोर एवढं पाणी, हिवाळ्यात पाहुणे पक्षी, पलीकडे मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव. सिंदखेड राजा जवळच, लोणारही फार लांब नाही. लोणारचं सरोवर पाहायला जगभरातून माणसं येतात. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं आणि त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. तिथलं खारं पाणी पाहून माणसं तासाभरात परत फिरतात. ती इथं दोन दिवस थांबली तर? चार तंबू, दोन होड्या, गळ टाकायला शिकवणारा माणूस. मामांसारखा.

"एक रोहू तुम्ही बाजारात विकता तेव्हा किलोचा भाव मिळतो, तोही एकदाच," मी म्हणाले. "तोच रोहू गळाला लागून सुटला, पुन्हा लागला, तर प्रत्येक वेळी पाहुणा पैसे देऊन जाईल."

"अन् तिसऱ्या वेळी मेला तर?"

मी खोटं बोलले नाही. सोडलेले मासे मरतात. गळ घशात गेला, मासा पाण्याबाहेर जास्त वेळ राहिला, पाणी गरम असलं, तर जास्त मरतात. ऑन्टारिओत जूनचं पाणी हात सुन्न करतं. आपल्याकडे मे महिन्यात धरणाचं पाणी अंगाला कोमट लागतं, आणि कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी. दमलेला मासा सोडला तरी बुडाला जाऊन मरेल आणि आपल्याला ते दिसणारही नाही.

"म्हंजे तुह्या हिशोबात तो जिता, अन् माह्या धरनात तो मेलेला," मामा म्हणाले.

"हिवाळ्यातच करू, मामा."

"हिवाळ्यातच तर मासा निघते. तवाच आमचं जाळं लागते."

मी वाघाचा दाखला दिला. टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन शेकडो किलोमीटर चालत २०१९ च्या डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा तिथल्या बोथ्याच्या जंगलाचं नाव पहिल्यांदा दूरदूरच्या पेपरांत आलं. वाघाला कोणी मारत नाही, पाहून सोडून देतात, आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. मासाही तसाच.

"वाघाले गळ लावून पाहत नाईत," मामा म्हणाले.

मामी आत भाकरी थापत होत्या. त्या माळकरी. आठवडी बाजारात मासे विकतात, पण खात नाहीत. त्यांनी आतूनच विचारलं, "तठी बाया जातात का गं, मासे धराले?" मी हो म्हटलं. "नवऱ्याबिगर?" पुन्हा हो. त्यानंतर बराच वेळ फक्त भाकरीचा आवाज येत होता. मला वाटतं आम्हा तिघांत सगळ्यात मन लावून ऐकणाऱ्या त्याच होत्या.

मी मामांना म्हटलं, आपल्या जिल्ह्याच्याही उत्तरेला असं रान आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या वर सातपुडा उभा आहे, तिथं अंबाबारवा अभयारण्य, वान नदीचं खोरं, वारी-भैरवगडाशी हनुमान सागर. लहानपणी शाळेच्या सहलीला तिकडे गेले होते आणि पुढे कॅनडातलं रान पाहताना मला पहिल्यांदा आठवलं ते तेच. पण अंबाबारवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथं गळ टाकायला जाता येत नाही, आणि जाता येऊ नये असंच मला वाटतं. तिथल्या आदिवासींना त्या रानासाठी गाव सोडावं लागलं. त्यांना जे पाणी सोडायला लावलं, त्यात मी सुट्टीचा गळ टाकणं मला शोभणार नाही.

"मंग माह्या धरनात शोभते?"

हा प्रश्न त्यांनी रागानं विचारला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आणि हे धरणही कोणाच्या तरी सोडण्यातूनच झालेलं आहे. धरणाआधी खडकपूर्णेच्या वाळूत भोयांच्या डांगरवाड्या असायच्या. पूर ओसरला की नदीच्या पात्रात वाळूला खड्डे घ्यायचे, शेणखत टाकायचं, डांगर आणि काकडीच्या बिया लावायच्या. उन्हाळ्यात मासे कमी झाले तरी डांगर घर चालवायचं. आजोबांची वाडी मी पाहिली आहे. वाळूवर ओलं गोणपाट, त्यावर ओळीनं डांगरं, आणि आजोबा बोटाच्या टिचकीनं सांगायचे कोणतं पिकलं. ती वाळू आता काही पाण्याखाली आहे आणि उरलेली ट्रकमध्ये गेली.

"रेतीचं बोल," मामा म्हणाले. जाळं त्यांनी बाजूला ठेवलं होतं. "धरनात बोटी घालून रेती वढतात. महसूलवाले येतात, बोटी जिलेटीन लावून उडवतात, महिन्यानं दुसरी बोट येते. माशाचं बसाचं-चराचं बूड खरवडून नेतात. रातच्याले जाळं पाहाले जा म्हनलं तर पोराले भेव वाटते. तुहे पाहुने तठी काय करतीन?"

"पाहतील," मी म्हणाले. "पैसे देऊन आलेला माणूस ओरडतो, मामा. त्याचा आवाज ऐकला जातो. तुम्ही अर्ज देता त्याचं काय होतं, ते तुम्हीच सांगता."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "हे खरं हाये," शेवटी म्हणाले. माझ्या बाजूनं तीन दिवसांत त्यांनी दिलेली ही एकच कबुली, आणि ती मी इथं लिहून ठेवते, कारण माझा अजूनही त्यावर विश्वास आहे. कावेरीवर हे घडलेलं आहे. भीमेश्वरी, गलीबोरे इथल्या गळाच्या तळांवर बाहेरून माणसं महाशीर धरायला येत आणि सोडून देत. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपैकी काही जण तिथं वाटाडे झाले, राखण करू लागले. पुढे वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून संरक्षित भागातली ती मासेमारी थांबवण्यात आली. पण त्या तळांवर गळवाल्यांनी वर्षानुवर्षं वह्या ठेवल्या होत्या, कोणत्या दिवशी किती आणि केवढे मासे लागले त्याच्या. त्या वह्यांतूनच शास्त्रज्ञांना कळलं की कावेरीतलं मूळचं नारिंगी परांचं महाशीर नाहीसं होत चाललं आहे. वह्या नसत्या तर ते गुपचूप गेलं असतं.

ही गोष्ट मात्र इतक्यावर थांबत नाही. त्याच वह्यांत दुसरंही दिसलं. कावेरीत जे निळ्या परांचं महाशीर फोफावलं होतं, ते बाहेरून आणून सोडलेलं होतं. लोणावळ्यात जपून वाढवलेल्या बीजाचं ते कूळ. महाशीर वाचावं म्हणून एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडला गेला. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तठच्या भोयांले कोनी इचारलं नाई का, कोन्ता मासा कोठचा म्हनून?"

*

तिसऱ्या संध्याकाळी मी ते चुकीचं उत्तर दुरुस्त केलं.

लॉजवर आमच्या होडीला एक वाटाड्या होता, पन्नाशीचा, अनिशिनाबे या तिथल्या आदिवासी समाजातला. दुपारी तो काठावरच्या खडकावर जाळ करायचा, बिडाच्या जड तव्यात चरबी वितळवायचा आणि सकाळी ठेवलेले वॉलआय तळायचा. ते तळणं मी जन्मात विसरणार नाही. पाचव्या दिवशी मी एका मोठ्या पाइकला सोडायला होडीच्या काठावर वाकले होते. शेपटीच्या बुडाशी धरून त्याला पाण्यात पुढे-मागे हलवत होते, कल्ल्यांत पाणी खेळावं म्हणून. तेव्हा तो म्हणाला, माझी आजी असती तर तुला रागावली असती. ती म्हणायची, मासा आपल्याकडे येतो तो स्वतःला देऊन टाकायला. त्याच्याशी खेळू नये.

मामांनी मान वर केली. "असं म्हने?"

"असंच."

उत्तरेकडच्या कितीतरी आदिवासी समाजांत हाच विचार आहे, हे मला नंतर कळलं. आणि फक्त आदिवासींत नव्हे. जर्मनीत प्राण्याला योग्य कारणाशिवाय वेदना देणं गुन्हा आहे, म्हणून खायचा विचार नसताना मासा धरणं तिथं कायद्यात बसत नाही. स्वित्झर्लंडनं २००९ पासून सोडून देण्यासाठीच मासे धरण्याला बंदी केली. दोन्ही देश मासेमारीचे शौकीन. म्हणजे मामांचा प्रश्न जुन्या माणसाचा प्रश्न नव्हे.

त्या वाटाड्याची आई ग्रासी नॅरोजची होती. त्या वस्तीखालून इंग्लिश आणि वाबिगून नद्यांचं पाणी जातं. वरच्या अंगाला ड्रायडन इथं कागदाच्या गिरणीला लागणारी रसायनं बनवण्याचा कारखाना होता. १९६२ ते १९७० या काळात तिथून सुमारे ९ टन पारा नदीत गेला. पारा माशात आला, माशातून माणसात. १९७० मध्ये तिथली व्यापारी मासेमारी बंद झाली. नदीवर बॉल लेक नावाचं नावाजलेलं मासेमारीचं लॉज होतं, त्याच्या मालकानं ते त्याच वर्षी बंद केलं. विषारी मासे पाहुण्यांना धरायला लावणार नाही, म्हणून. वस्तीतली माणसं तिथं वाटाडे होती. एकाच वर्षात त्यांचं अन्नही गेलं आणि मजुरीही. पुढे १९७५ मध्ये जपानहून डॉक्टर हराडा आले, मिनामाता इथल्या पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण तपासलेले, त्यांनी माणसं तपासली, आणि मिनामातात जी लक्षणं पाहिली होती तीच इथं दिसतात असं सांगितलं.

मामांच्या हातातली सुई थांबली होती. जाळं विणायची बांबूची सुई, आजोबांच्या वेळची, मधून घासून पातळ झालेली.

"पाहुने कोठी गेले मंग?"

"दुसऱ्या तळ्यांवर. तिकडे तळी पुष्कळ आहेत."

"अन् वाटाडे?"

"ते तिथंच."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मला जे कळलं होतं ते मामांनी विचारल्याशिवाय मी स्वतःशीही नीट म्हटलेलं नव्हतं. मी ज्या तळ्यावर आठ दिवस राहिले ते रिकामं नव्हतं. मी पैसे भरले, विमानानं आले, आणि पाणी नासलं असतं तर विमानानं दुसरीकडे गेले असते. पाण्यावर प्रेम माझंही आहे. पण ते सोडून जाता येतं.

"म्हनून सांगतो," मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात वादाचा सूर राहिला नव्हता. "तुहे तंबू लाव. मी नाई म्हनत नाई. पन ठेका संस्थेचाच राहीन. बाहेरचा मालक नाई. पावसाळ्यात कोनी पान्यावर येनार नाई. अन् धरलेला मासा इथंच शिजन. फोटू काढून सोडाचं आपल्या पान्यात नाई."

पहिल्या दोन अटी मला मान्य आहेत, मनापासून. ठेका काठावरच्या माणसाचाच हवा, ही तर माझीच अट असायला हवी होती. तिसरीवर मी अडले. कतला-रोहू शिजवावा, ठीक. पण एखाद्या पाहुण्याला मोठी मरळ लागली, नदीतली मूळची वाम लागली, शिंगट्या लागला, तर? असले मासे आता किती उरलेत ते मामांच्याच जाळ्याला विचारावं. ते मी सोडणार. मामा म्हणाले, मूळचा मासा लागतो त्या जागी गळच टाकायचा नाही, मग सोडायचा प्रश्न येत नाही. मी म्हटलं, पाण्याखाली कोण उभं आहे ते आधी कसं कळणार? ते म्हणाले, आमाले कळते. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा जाळं उचलायला निघाले तेव्हा मी बरोबर गेले. थर्माकोलच्या तराफ्यावर ते एकटेच जातात, मला काठावर थांबवलं. हातात बांबूची काठी दिली, नायलॉनची दोरी, बोटभर पिसाचा तरंगा, डबीत गांडुळं. माझा बिनकाट्याचा गळ त्यांनी रात्रीच त्या दोरीला बांधून ठेवला होता. मला विचारलं नव्हतं.

पाण्यावरून वाफ उठत होती. पिसाचा तरंगा दोनदा थरथरला, मग आडवा पडून सरकू लागला. मी काठी उचलली. तळहाताएवढी चिलापी, करड्या अंगाची, पाठीचे काटे ताठ उभे. सवयीनं मी हात ओला केला, तिला धरलं, गळ सोडवला आणि पाण्याकडे वाकले.

"ओ बाई!" मामा तराफ्यावरून ओरडले. "चिलापी सोडाची नसते!"

चिलापी आफ्रिकेतून आलेली. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली आणि तिनं तळी, धरणं भरून टाकली. एकदा शिरली की घरच्या माशांना जागा ठेवत नाही. हे मला माहीत होतं. तरीही माझा हात पाण्याकडेच गेला होता.

मामा काठाला लागले. जाळ्यात चार रोहू, बाकी सगळी चिलापी. त्यांनी माझ्या हातातली मासोळी पाहिली, गळाच्या जागी तिच्या ओठाला किती फाटलंय ते अंगठ्यानं चाचपलं, आणि कमरेची सुरी मला दिली. लॉजवर मासे साफ करायला वाटाड्या होता. मी आठ दिवसांत एकही साफ केला नव्हता. मामांनी दगड दाखवला, शेपटीकडून डोक्याकडे खवले कसे काढायचे ते एकदा करून दाखवलं, आणि जाळं झटकायला वळले. मी दगडावर बसून खवले काढत राहिले. ते मनगटाला चिकटत होते, उन्हात चमकत होते. चौथी चिलापी हातात असताना मामींनी वरून हाक मारली, की चूल पेटली आहे आणि तेवढ्यासाठी किती वेळ लावता.